मुका फोन

भंगारवाल्यानं तो डबा वजनावर दिला. "मॅडम, ह्याच्यात फोन हाय का मुंग्या हायत, मला म्हाईत न्हाय. लोखंड म्हणून घ्या," म्हणाला. मी लोखंड म्हणून घेतला, रिक्षात मांडीवर धरून घरी आणला आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावर ठेवला. लाल रंगाचे पोपडे उडालेले, डायलची तबकडी एका बाजूला कललेली, रिसीव्हरची वायर कुणीतरी कापून नेलेली. आई आतून आली, चष्मा सारखा केला, बघितलं आणि म्हणाली, "हे मढं कशाला आणलंस घरात?" मग आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. आईनं ऐंशी कधीच ओलांडली, पण रुसायची ताकद अजून शाबूत आहे. मीही काही कमी नाही. घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती मी इथं सांगत बसणार नाही.

बत्तीस वर्षं मी कॉलेजच्या फिजिक्स प्रयोगशाळेत सहायक होते. पोरांनी मोडायचं आणि मी जोडायचं, असा नोकरीचा करारच होता म्हणा की. रिटायर झाल्यावर लोक विचारायला लागले, वेळ कसा जातो. मी सांगायचे, जुन्या वस्तू दुरुस्त करते. रेडिओ झाला, टेबलफॅन झाला, एक शिलाईचं मशीन झालं. छंद म्हणून हे बरं दिसतं. लोकांना फार खोलात जायचं नसतं, आणि मलाही नेऊन सोडायचं नव्हतं.

ज्यांनी नाण्याचा फोन वापरलेला नाही त्यांना त्याची एक खोड सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. रिसीव्हर उचलायचा, नंबर फिरवायचा, पलीकडच्यानं उचलला की मग रुपया टाकायचा. आतल्या दांडीनं तो रुपया धरला, की तुमचा आवाज पलीकडं जायचा. तोपर्यंत तुम्हाला त्याचं ऐकू यायचं, त्याला तुमचं नाही. थोडा वेळ वाट बघून फोन आपला आपण तुटायचा. म्हणजे रुपया न टाकता समोरच्याचं "हॅलो, हॅलो, कोण आहे" तुम्ही फुकट ऐकू शकत होता. आमच्या लोकांनी ह्या सोयीचा जो उपयोग केला, तो डबा बनवणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसेल.

माझे वडील, अण्णा, ट्रक चालवायचे. ट्रक मौलाचाचांचा. मौलाचाचांची ट्रान्सपोर्टची गादी आमच्या घरापासून दोन दारं सोडून होती, आणि सगळ्या गल्लीत मिळून फोन तेवढा त्या गादीवर. आमची गल्ली मागवाल्यांची. दोन्ही बाजूंच्या घरांत तेलुगू कुटुंबं, प्रत्येकाच्या पुढच्या खोलीत माग, दिवसभर खटाक-खट, खटाक-खट. पाहुणे आले की कानावर हात ठेवायचे, आम्हाला त्याचं काही नाही. उलट लाइट गेली आणि माग थांबले की आमच्याच कानाला दडे बसायचे आणि मग शेजारच्या लक्ष्मक्काचं सुनेशी चाललेलं बोलणं शब्दन् शब्द ऐकू यायचं. अण्णा चादरींचा माल घेऊन हैदराबादकडं जायचे आणि परतीला मिळेल तो माल भरून यायचे. आठ दिवस, कधी दहा. येताना शहराच्या वेशीवर जकात नाका लागायचा. तिथं गाड्यांची रांग. तास जावा, दोन तास जावेत, कधी चार. नाक्याजवळ एक चहाचं हॉटेल होतं आणि हॉटेलच्या खांबावर असाच एक लाल डबा ठोकलेला होता.

नाक्यावर पोचलो एवढं सांगायला रुपया कशाला घालवायचा, हे डोकं आईचं. ती माढ्याकडची. तिच्या माहेरी काडी पेटवली तर तिच्यावर दोन चुली पेटल्या पाहिजेत, असा हिशेब. तिनं अण्णांना सांगितलं, "फोन लावा, चाचांनी उचलला की गप ऱ्हावा. बोलू नका. आमी समजतो." नुसती रिंग देऊन चालत नव्हतं, कारण गादीवरचा फोन दिवसभर वाजायचा. पण उचलल्यावर पलीकडं कुणी बोलतच नाही, असा फोन एकाच माणसाचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मौलाचाचा गादीवरून उठून गल्लीत आले आणि मागांच्या आवाजावरून चढ्या आवाजात ओरडले, "भाभी, मुका आला. नाक्यावरनं मुका आला."

चाचांच्या घरात दखनी बोलायचे. न बोलणाऱ्याला मराठीत मुका म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्या मुक्याची त्यांना कल्पना नव्हती. गल्लीत मात्र माग चालवणारे हात थांबले. लक्ष्मक्का दारात येऊन म्हणाली, "काय वो वैनी, घरापर्यंतसुद्धा दम निघंना का मालकांला?" आई पदरात तोंड घालून जी आत पळाली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. चाचांना कुणीतरी चार दिवसांनी समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही गालांना हात लावून तौबा केली, आठवडाभर "बिनआवाजाचा फोन" असं म्हणून बघितलं, पण जिभेला ते जड जायला लागलं. शेवटी सगळ्यांनी हार खाल्ली आणि शब्द राहिला. अण्णाही निघताना गाडीच्या फळीवर पाय ठेवून म्हणायचे, "मुका देतो नाक्यावरनं." आई चुलीशी वळून काहीतरी हलवल्यासारखं करायची.

मुका आला की आमच्या घराला जाग यायची. आई स्टोव्हला पंप मारायची, परातीत ज्वारीचं पीठ घ्यायची. अण्णांना ताटात पडताना वाफ निघणारी भाकरी लागायची, आठ दिवस हॉटेलची रोटी चावून आलेला माणूस. शेंगांची आमटी, वांगं असलं तर वांगं, आणि खलबत्त्यात कुटलेली शेंगाची चटणी, वर कच्च्या तेलाची धार. आई तासाचा अंदाज बांधून शेवटच्या दोन भाकऱ्यांचं पीठ तसंच ठेवायची, आणि कोपऱ्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की ते थापायला घ्यायची. हा अंदाज तिचा क्वचित चुकायचा. मला त्यातली सगळ्यात मोठी मजा म्हणजे फोन उचलणं. पलीकडं अण्णा आहेत, त्यांना सगळं ऐकू येतंय आणि त्यांना उत्तर देता येत नाही. वडिलांना झाडायची अशी संधी कुणाला मिळते? मी म्हणायचे, "अण्णा, मागच्या वेळची बांगड्यांची गोष्ट लक्षात आहे ना? ह्या वेळेला विसरलात तर गाडी परत फिरवायची." अण्णा घरी आल्यावर तक्रार करायचे, "घरात तुझी आई बोलू देत नाही, आणि फोनवर तू." पण बांगड्या आणायचे.

आता त्या शुक्रवारबद्दल. इथपर्यंत लिहायला मला पाच दिवस लागले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. जुम्म्याच्या नमाजाला चाचा गेले, की गादीवर मी बसायचे. फोन आला तर निरोप लिहून ठेवायचा, एवढंच काम. मला ते आवडायचं, कारण गादीवर पंखा होता आणि निवांत वाचता यायचं. त्या दिवशी वाचनालयाची एक कादंबरी हातात होती, संध्याकाळी परत करायची होती. तिचं नाव मला आज आठवत नाही. पुष्कळ प्रयत्न केला. निदान नाव आठवावं एवढी तरी तिची किंमत होती.

फोन वाजला. हॅलो म्हटलं. पलीकडं काही नाही. मी म्हटलं, "पोचला अण्णा, मुका पोचला. या लवकर." दारात येऊन आईला हाक मारली, तिनं "व्हय व्हय" म्हटलं, आणि स्टोव्हच्या पंपाचा आवाज आला. मी परत पुस्तकात. पाच मिनिटांनी पुन्हा फोन. पुन्हा काही नाही. मी हसले. "अहो, सांगितलं की आईला. एका मुक्यानं भागत नाही का?" वडिलांना असं बोलल्याचं माझं मलाच अप्रूप वाटलं. थोड्या वेळानं तिसऱ्यांदा. आता पुस्तक अशा जागी आलं होतं की मान वर करवत नव्हती. मी रिसीव्हर उचलून म्हटलं, "अण्णा, ठेवा आता. मला काम आहे." आणि पुन्हा वाजू नये म्हणून रिसीव्हर खाली न ठेवता टेबलावर आडवा टाकला. अकरा पानं राहिली होती.

चाचा नमाजाहून आले, टोपी काढून खुंटीला लावली, टेबल बघितलं आणि म्हणाले, "ये किसने निकालके रखा?" मी म्हटलं, चुकून राहिला असेल. त्यांनी तो जागेवर ठेवला.

चार वाजले, हॉर्न वाजला नाही. आई दोनदा दारात येऊन गेली. शेवटच्या दोन भाकऱ्यांचं पीठ परातीत होतं. पाचच्या सुमाराला नरसूमामा रिक्षातून उतरले. नरसूमामा चाचांच्या दुसऱ्या ट्रकवर होते, अण्णांचे दोस्त. ते आमच्या घराकडं न येता सरळ गादीवर गेले. मी मागच्या दारानं गेले आणि पडद्याआड उभी राहिले.

"रांग फुडं सरकली, चाचा. ह्याची गाडी हलंना," नरसूमामा सांगत होते. "मी हॉर्न दिला, शिव्या दिल्या. जाऊन बघतो तर स्टिअरिंगवर डोस्कं. सिव्हिलला न्हेला, पर डाक्टर म्हणला, आदीच गेलाय." मग हॉटेलवाल्याकडून कळलेलं सांगितलं. अण्णा बाराच्या पुढं तिथं आले, छातीत कळ येतीय म्हणाले, सोडा प्यायले. मौलाचाचांना फोन करून दुसरा ड्रायव्हर मागवतो, म्हणाले. भरलेली गाडी रांगेत सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं. "तीनदा लावला, चाचा. डबा रुपया धरतच नव्हता. टाकला की खाली, टाकला की खाली. हाटेलवाला म्हणला, पडा जरा बाकड्यावर. तर हा म्हणतोय, पोरगी ‘ठेवा’ म्हणतीया, जरा थांब, आनि एकदा लावून बघतो. चवथ्यांदा लावला तर लाइन बिझी. मग जाऊन गाडीत बसला."

पडदा कसला, जुनी चादर होती ती. चाचांना माझे पाय दिसले. त्यांनी नरसूमामांना बाहेर नेलं, आणि मी ऐकलं, "ये फोन की बात भाभी को नक्को बोलो. किसीको नक्को." परत आले ते माझ्यासमोर उभे राहिले. "नंदाबेटी, फोन कितनी बार आया था?"

"एकदा," मी म्हटलं.

चाचांनी फोनकडं बघितलं. रिसीव्हर त्यांनीच उचलून जागेवर ठेवला होता. मग म्हणाले, "हौ. एकच बार." आणि पुढं जेवढ्यांनी विचारलं, आईनं विचारलं, तेवढ्यांना त्यांनी हेच सांगितलं. एकच बार मुका आया था, भाभी. पाच वेळा नमाज पढणारा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि मरेपर्यंत त्या गोष्टीची मला कधी आठवणसुद्धा दिली नाही. नरसूमामाही गेले. मग ते ठाऊक असणारी मी एकटी उरले.

आई त्या दिवशी रडली, बायका रडतात तशी. पण तेराव्यानंतर तिनं अण्णांचं नावच टाकलं. भिंतीवर फोटो लावला नाही. पितृपक्षात पान वाढायची, आमटीत मीठ बघायची, पानावर पाणी सोडायला मात्र मला पुढं करायची. अण्णांची एखादी गोष्ट निघाली की उठून जायची. विड्या वळून तिनं मला शिकवलं, बोटांच्या टोकांचं कातडं जाईपर्यंत वळल्या. गल्ली म्हणायची, लई खंबीर बाई. मीही तेच समजले. ज्या दुःखाला हात लावता येत नाही त्याला ती झाकून ठेवते, असं समजले. आणि मनाशी एक समजूत करून घेतली होती, ती लिहायला लाज वाटते. मला वाटायचं, मी खोटं बोलले ते एका अर्थानं बरंच झालं. आईच्या हिशेबात अण्णा शेवटी एक मुका देऊन गेले. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ तिच्याजवळ राहिले असतील. अशी मी स्वतःला हुशार समजत आले.

तर हा डबा. नाक्यावरचा तो हाच, असं काही नाही. नाका उठून गेला, हॉटेल गेलं, डब्यांचं काय झालं कुणास ठाऊक. पण जात तीच. मला फक्त एकदा आत बघायचं होतं की रुपया धरत नाही म्हणजे नक्की काय होतं. सहा आठवडे गेले. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, ते चमच्यानं खरवडलं. गंज घासला, वायर नवी घातली, तबकडीची स्प्रिंग एका घड्याळवाल्याकडून करून घेतली. आतली दांडी बोटाएवढी आहे, तराजूसारखी एका खिळीवर डोलते. जुना जाड रुपया तिच्यावर बसला की ती खाली येते आणि दोन पितळी पट्ट्या चिकटतात. त्या खिळीभोवती तपकिरी चिकटा बसला होता. चहाची वाफ, धूळ, साखरेचे हात. बस, एवढंच. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं निघण्यासारखा चिकटा.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी खिडकीशी बसून रुपया टाकून बघत होते. दांडी अजून अडत होती. टाकला की खालच्या वाटीत खळकन पडायचा. आई चहा घेऊन आली आणि गेली नाही, समोर बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"सारखा खाली का पडतोय?" तिनं विचारलं.

"दांडी धरत नाही अजून."

"मग?"

"मग आपण बोललेलं पलीकडं जात नाही. त्यांचं आपल्याला ऐकू येतं. आपण मुके." शब्द तोंडातून गेला आणि मी थांबले. आमच्या घरात तो चाळीस वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

आई बशीतल्या चहाकडं बघत होती. "त्यांनी टाकलाच न्हवता," ती म्हणाली. "डाक्टर म्हणला हुता, दोन तास तरी दुखत असणार. दोन तास. खिशात पैसं हुतं, ते सिव्हिलमदी माझ्या हातात दिलं की. एक रुपया टाकून सांगायचं हुतं, दुखतंय, ये म्हणून. अनवाणी पळत गेले असते मी नाक्यापतुर. पर न्हाई. मला काय सांगितलं? भाकऱ्या टाक. मरताना माणसाला बायको नको वाटली, भाकरी पायजे हुती." तिचा आवाज चढला नव्हता. रोज स्वतःशी म्हणून म्हणून गुळगुळीत झालेलं बोलणं होतं ते. "मीच शिकवलेलं बोलू नका म्हणून. तेच माझ्यावर उलटवलं."

मला वाटत होतं ती झाकून ठेवतेय. ती चाळीस वर्षं त्या माणसावर रागावलेली होती, आणि तो राग मी तिच्या पदरात घातला होता. एका शब्दानं. एकदा, म्हटलं होतं मी.

मी सांगितलं. काही गाळलं नाही. तीन फोन, माझी थट्टा, ठेवा आता, टेबलावरचा रिसीव्हर, चौथ्यांदा लाइन बिझी, चाचांनी काय विचारलं आणि मी काय सांगितलं. अकरा पानंही सांगितली. सांगताना माझे हात दांडीशीच होते, वर बघायचा धीर नव्हता. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं, पण त्या वयाचे हात कसले मारतात.

"रुपया टाकला हुता?" तिनं विचारलं.

"तीनदा टाकला. डब्यानं धरला नाही."

"टाकला हुता," ती म्हणाली.

माझ्याबद्दल ती काही बोलली नाही. आज आठ दिवस झाले, अजूनही बोललेली नाही, आणि मी विचारणार नाही. बशीतला चहा निवून गेला होता. ती उठली, भिंतीला धरून दोन पावलं गेली आणि तिथंच उभी राहिली, पाठमोरी. मला वाटलं चक्कर आली, म्हणून मी धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला.

"चाळीस वर्सं," ती भिंतीकडं बघून म्हणाली, "चाळीस वर्सं मी त्यांच्याशी बोलले न्हाई गं."